मेट्रनबाईंचं उड्डाण

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. सवयीने लिहिले गेलेत, लगेच हुरळून जाऊ नकोस.

पत्र लिहिण्यास कारण तुझा फोन. रविवारी तू फोन करतोस, तो स्पीकरवर ठेवतोस आणि पलीकडे कपाटं उघडत-मिटत हुंकार भरत राहतोस. मी महत्त्वाचं काही सांगायला लागले की तुझी मीटिंग सुरू होते. रविवारी कसल्या रे मीटिंगा? लिफ्टची तपासणी करणाऱ्या माणसाला एवढं काय बोलायचं असतं? लिफ्ट वर जाते, खाली येते, संपलं. म्हणून हा कागद. कागदाला मध्येच मीटिंग येत नाही.

आईला परवा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. दोन्ही डोळ्यांत नजरेचा मधला भाग विरत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं जातं. समोरच्याकडे सरळ पाहिलं तर त्याचे नाक-डोळे गायब होतात, मान वळवून तिरकं पाहिलं तर अर्धा चेहरा सापडतो. उन्हाळ्यापर्यंत एवढं तरी टिकेल, पुढचं आपण सांगू शकत नाही, असं बाई म्हणाल्या. आईने त्यांनाच उलट विचारलं की त्यांनी शेवटची झोप कधी काढली, कारण चेहरा उतरलेला दिसतोय. सगळा जन्म हॉस्पिटलात मेट्रन म्हणून काढल्यावर समोर कुणीही आलं तरी पेशंटच वाटणार.

 घरी आल्यावर मात्र म्हणाली की चिमणीला एकदा नीट बघायचंय. तुझी लेक शेवटची या घरात आली तेव्हा तिला जिना चढताना हात धरावा लागायचा. आता ती तुला गणितं समजावते म्हणे. फोनच्या पडद्यावर आईला नुसता एक गोल दिसतो, त्याच्याशी ती गोड बोलते आणि फोन ठेवल्यावर मला विचारते की पोरगी कुणासारखी दिसते.

तेव्हा चार दिवस काढ आणि चिमणीला घेऊन ये. मी आईला तुझ्याकडे आणू शकत नाही. नाट्यगृहाचा मोठा पडदा शिवायचं काम अंगावर आहे, आणि विमानात पाय ठेवायला मी घाबरते, हे तुला माहीत आहे. हसून घे.

लोभ आहे, राग त्याहून जास्त आहे. दोन्ही पोचले की कळव.
तुझी,
ताई


ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईचं वाचून वाईट वाटलं. मी इथल्या एका मोठ्या तज्ज्ञांची वेळ घेऊन ठेवतो.

मी येण्याबद्दल म्हणशील तर या दोन महिन्यांत अजिबात जमणार नाही. वर्षअखेरीच्या तपासण्या आहेत, दर आठवड्याला दोनदा तरी विमान असतं. चिमणीची परीक्षाही तोंडावर आलीय. सगळ्या बाजूंनी विचार केला तर आईनेच इकडे येणं सोयीचं. थेट विमान आहे, आणि हल्लीचा विमानप्रवास म्हणजे घरच्या सोफ्यावर बसण्यासारखा आहे. कटकट होते ती लोकांना पद्धत माहीत नसते म्हणून. मला आहे. आजवर मी सामानाच्या पट्ट्यापाशी कधी ताटकळलेलो नाही, त्यामुळे खालील गोष्टी नीट वाचून आईला समजावून सांग.

विमान सकाळचं पहिलं घ्यावं, दिवसभराचा उशीर त्याच्या वाट्याला येत नाही. सामान एकच आणि हातातलं. कपडे घड्या न घालता गुंडाळून भरले की निम्म्या जागेत मावतात, आणि सगळ्यांत जाड कपडा अंगावर घालावा, म्हणजे बॅग हलकी राहते. बॅगेला भडक रिबीन बांधावी. औषधं चिठ्ठीसकट हाताशी हवीत. बाटली रिकामी न्यावी आणि तपासणी झाल्यावर भरावी. बूट बिनलेसचे. मानेला उशी, पायाला घट्ट मोजे, आणि बसल्या बसल्या घोटे फिरवत राहावं. विमान उतरताना गोळी चघळली की कान दडत नाहीत.

सीट कडेचीच, म्हणजे केव्हाही उठता येतं. खिडकी लहान मुलांसाठी असते, बाहेर बघण्यासारखं काही नसतं. मधली सीट ही ज्यांना नियोजन जमत नाही अशांची सोय आहे. मी आयुष्यात एकदाही तिथे बसलेलो नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चाकाची खुर्ची मागून घ्यायची. चालता येत असलं तरी मागायची. एकही रांग लागत नाही, दारापासून दारापर्यंत माणूस ढकलत नेतो. माझे निम्मे सहकारी आपल्या आईवडिलांना असंच आणतात.

कृपालोभ नियमित वेळापत्रकाप्रमाणे चालू ठेवावा ही विनंती.
तुझा,
धाकटा


ता. २० फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, आणि एक कोपरापासून नमस्कार. एवढं ज्ञान एका डोक्यात ठेवून ते डोकं विमानात वरच्या कप्प्यात मावतं तरी कसं?

तुझं छापील पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आईचं वाचून वाईट वाटलं हे वाक्य केवढंसं, आणि गुंडाळलेल्या कपड्यांवर त्याच्या दुप्पट मजकूर, हे तिच्याही लक्षात आलं.  तिच्या वाटणीचं मी बोलते. तू आठवड्यातून दोनदा उडतोस. त्यातलं एक उड्डाण इकडे वळवलंस तर त्या लिफ्टा काय मध्येच अडकून राहणार आहेत? जगातल्या झाडून सगळ्या विमानतळांच्या खाचाखोचा तुला पाठ आहेत, फक्त घरचा रस्ता तेवढा विसरलास.

असो. मेट्रनबाई यायला तयार आहेत. तू काखा वर केल्यास म्हणून नव्हे, त्यांना चिमणीला बघायचंय म्हणून. आता त्यांचा निकाल ऐक.

मोजे, गोळी, रिकामी बाटली हे सगळं मंजूर. घोटे फिरवायला तिने आपल्या वॉर्डातल्या लोकांना तुझ्या जन्माआधीपासून शिकवलंय, ते तू तिला शिकवतोयस याची तिला मौज वाटली. मानेच्या उशीवर ती म्हणाली की असली पट्टी आपण मान मोडलेल्यांना बांधत होतो, धडधाकट माणसाने कशाला मिरवायची. जाड कपडा म्हणून स्वेटरवर कोट चढवून पाहिला. तिला दारातून आत येता येईना, तेव्हा कोट रद्द.

रिबीन मी बांधणार नाही. आख्खी बॅगच शिवतेय. चिमणीच्या खोलीसाठी पडदे पाठवले होते ना, पिवळ्यावर निळे मासे, त्या कापडाचा मोठा तुकडा उरलाय. आंधळ्यालाही सापडेल अशी बॅग होईल. हे वाक्य आईचंच आहे, माझ्या तोंडून निघालं नसतं.

खुर्ची नामंजूर. पाय शाबूत असताना खुर्चीत बसायचं म्हणजे ज्याला खरी गरज आहे त्याची खुर्ची पळवायची, असं तिचं म्हणणं. उभं राहता येतं त्याला तिने कधी खुर्चीत बसू दिलं नाही, आता स्वतः बसणार होय?

राहिली खिडकी. हे जरा नीट वाच. तुझी विमानं आमच्यावरूनच जातात, असं तू एकदा फुशारकीने सांगितलं होतंस. तेव्हापासून तू निघणार म्हणालास की आई गच्चीवर जाऊन उभी राहते. वर एखादा ठिपका दिसला की तो तूच, असं धरून चालते. इतकी वर्षं तिने खालून वर पाहिलं. आता तिला एकदा वरून खाली बघायचंय, दिसतंय तोवर. तू वरून कधी पाहिलं नाहीस, हे मी तिला सांगितलेलं नाही. कडेच्या सीटवरून गच्ची कुठली दिसणार!

तेव्हा तिला खिडकी दे. आणि घ्यायला येशील तेव्हा लांबून हात हलवत उभा राहू नकोस, तिला तो दिसणार नाही. जवळ जा, आवाज दे, हात धर.

लोभ असू दे. नसला तर निदान कान असू देत.
ताई


ता. १ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

टोमणे पोचले, एकही वाटेत गहाळ झाला नाही. तुला राग आलाय हे समजतं, पण सोय आणि भावना यांची गल्लत करू नये.

तिकीट काढलं. याच महिन्याच्या सोळा तारखेचं, सकाळचं पहिलं. आईला कडेचीच सीट घेतलीय. खिडकीतून उठायचं तर दोन माणसांना ओलांडावं लागतं, या वयात ते बरं नाही. गच्ची वगैरे तेवढ्या उंचीवरून कुणालाच दिसत नाही, डोळे कसेही असले तरी. खुर्चीही नोंदवून टाकलीय, ती आता रद्द करू नका, गोंधळ होतो.

उतरल्यावरची काळजी सोड. माझी पद्धत ठरलेली आहे. खुर्चीची माणसं नेहमी एकाच दाराने बाहेर येतात, मी तिथेच उभा राहीन. आलेली खुर्ची दिसली की झालं, चुकामूक होण्याचा प्रश्नच येत नाही.

चिमणी सोबत यायचं म्हणते. अभ्यास बुडेल, पण ऐकत नाही. तुझ्यावर गेलीय.

लोभाची जागा राखून ठेवावी, आयत्या वेळी मिळत नाही.
तुझा,
धाकटा


ता. १६ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा आई तुझ्या घरात दोन-चार दिवस राहिलेली असेल आणि तुझ्या औषधांच्या कपाटातल्या तारीख उलटलेल्या बाटल्या कचऱ्यात गेलेल्या असतील. तरी इथला अहवाल लिहिते, मला दुसरं काही सुचत नाहीये.

मी तिला काचेच्या दारापर्यंत सोडलं. आत तुझी ती खुर्ची घेऊन एक गणवेशातला माणूस हजर होता. त्याने बसा म्हणून खूण केली. आईने त्याला विचारलं की ब्रेक लावलाय का. त्याने लावला नव्हता. मग तिने त्याला तिथल्या तिथे ब्रेक कसा लावायचा, मागून वळवताना कुठे धरायचं, ते शिकवलं, खुर्चीत माशांची बॅग बसवली आणि स्वतः मुठी धरून ढकलत निघाली. तो बिचारा रिकाम्या हातांनी मागून चालत होता. मी हसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की ती शहाणपणा नव्हती करत. समोर खुर्ची असली की तिला पुढचं मधलं दिसलं नाही तरी चालतं, आधी चाकं धडकतात. तिला आधार हवा होता, आणि तो तिने कुणाला कळू न देता घेतला.  काचेवर हात ठेवून मी शुंभासारखी उभी होते, मागची माणसं सामान घेऊन खोळंबली.

घरी येऊन त्या पिवळ्या कापडाचा उरलेला सगळा तुकडा गच्चीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मी तसं कबूल केलं होतं तिला. तेवढ्या उंचीवरून दिसणार नाही, तुझं बरोबर आहे. तरी पसरला. शेजारणीने विचारलं की हे काय वाळत घातलंय. मी सांगितलं, अक्कल.

घर फार मोठं वाटतंय रे. ती गेली की कुणाला ओरडायचं हा प्रश्न आहे, म्हणून तुला ओरडतेय.

तिला जप. लोभाचं नंतर बघू.
ताई


ता. २१ मार्च

चि. ताईस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद. अक्षर चिमणीचं आहे, मजकूर माझा. शुद्धलेखनाची जबाबदारी तिच्या शाळेवर. (आत्या, मी चिमणी. आजी सांगते ते सगळं लिहायचं असं ठरलं आहे, बाबांनी खोडलं तरी.)

मी सुखरूप आहे. विमानात काहीही अवघड नाही, तू उगाच घाबरतेस. पाळण्यात बसल्यासारखं वाटतं आणि मधूनमधून लोक खायला विचारतात. माझी कडेची सीट होती. खिडकीपाशी एक तरुण मुलगा डोळे मिटून बसला होता. मी त्याला म्हटलं की झोपायचंच आहे तर ते कडेलाही जमेल, आणि त्याचे डोळे फार लाल आहेत, कुणाला तरी दाखव. तो लगेच उठला. मधल्या सीटवर एक मिशाळ गृहस्थ होते, त्यांनी पाय आखडून मला वाट दिली.

ताई, वरून ढग तुझ्या गादीवाल्याकडच्या पिंजलेल्या कापसासारखे दिसतात. मी मान वळवून वळवून पाहिलं, तुकड्यातुकड्याने, पण सगळं पाहिलं. आणि गच्चीवरचा पिवळा कपडा मला दिसला. अगदी स्पष्ट. (आत्या, आजी हे सांगताना हसते आहे.)

आता उतरल्यावरचं. मिशाळ गृहस्थांचा गुडघा धरला होता. मधल्या सीटवर अंग चोरून बसले, एकदाही उठले नाहीत, मग काय होणार! विमानाच्या दाराशी माझ्या नावाची खुर्ची आली होती. मी त्यांना तीत बसवलं, माझी बॅग त्यांच्या मांडीवर दिली आणि खुर्ची घेऊन निघाले. नेणारी मुलगी आधी नको नको म्हणाली. मी ब्रेक लावून दाखवला तेव्हा सोबत चालू लागली.

बाहेर आले तर धाकटा समोरच उभा. चेहरा नाही दिसला, पण एका पायावर भार टाकून, दुसरा पाय वाकडा करून उभं राहायची ती तऱ्हा तुझ्या वडिलांची. शंभर माणसांतही ओळखली असती. मी नेमकी त्याच्यापाशी खुर्ची नेली. त्याने खुर्चीत पाहिलं. मिशा दिसल्या. मग तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायला लागला. मी थांबले. मला वाटलं, आता बघेल. त्याने मला सांगितलं की बाई, खुर्ची जरा बाजूला घ्या, मागून येणारे दिसत नाहीत.

मी घेतली बाजूला.

आवाज द्यायला काय झालं होतं, असं तू विचारशील. नाही दिला. हट्ट म्हण हवं तर. चिमणी मात्र धावत आली ती थेट मिशाळ गृहस्थांच्या मांडीवरच्या बॅगेपाशी. (कारण ते माझे मासे आहेत. मी रोज त्यांच्याकडे बघत झोपते. बाबा म्हणाले की माझ्या पडद्यांवर मासे आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं.) तिने बॅग धरली, मग वर माझ्याकडे पाहिलं, आणि मला आजी म्हणाली. मग धाकट्याने वळून पाहिलं.

हसून सांगतेय, पण मला वाईट वाटलं गं. मला दिसत नाही त्याला कारण आहे, डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून दिलंय. याच्या डोळ्यांना काय झालं? खुर्चीत कोण आहे ते त्याने पाहिलं, खुर्ची कोण ढकलतंय ते पाहिलंच नाही. मी रागावले नाही. नुसता त्याचा हात धरला. घरापर्यंत त्याने मला एकही सूचना केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीला खिडकीच्या उजेडात बसवलं आणि हनुवटी धरून पाहिलं. आधी डावा गाल, मग उजवा, मग कपाळ. मधलं नाक बोटांनी पाहिलं. ताई, नाक आपलं आहे, जिवणी सूनबाईची आहे, आणि खालच्या ओठाखाली एक तीळ आहे, तो फोनमध्ये कधीच दिसला नव्हता. आता उद्या सगळं गेलं तरी माझ्याजवळ ती आहे. (आजीने मला इतका वेळ बघितलं की मला गुदगुल्या झाल्या.)

तुझा पडदा वेळेवर होऊ दे. विटा गच्चीवरून उचलून ठेव, ठेचकाळशील. माया आहे ती कमी करायची नाही, कितीही रागावलीस तरी.
तुझी,
आई

ता. क. ताई, हे मी हाताने लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर चिमणीला विचार. परतीची तिकिटं काल काढली, एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारची. रजा टाकली, चिमणीचीही शाळा तेव्हा सुटलेली असेल. चिमणीने कडेची सीट मागितली, उठायला बरी म्हणून. खिडकी आईला. मधली मला. विटा उचलल्या असशील तर पुन्हा ठेव आणि ते कापड गच्चीवर घाल. दिसलं की मी आईला सांगेन.
धाकटा